देशोदेशीचे व्याही

दोह्यातल्या त्या दुकानात टिकल्यांच्या कप्प्यापाशी उभं राहणारं पुरुष गिऱ्हाईक एकच होतं. साठी उलटलेली, डोक्यावर केस नावालाही नाहीत आणि बाहेर डांबर वितळत असतानाही अंगात वकिली काळा कोट. लाल टिकल्यांचं एक पाकीट आणि काळ्यांचं एक, एवढीच त्यांची खरेदी. “मीडियम देना,” ते मल्याळी दुकानदाराला बजावत. “बडा नहीं चाहिए, नीचे का देश ढक जाता है.” तो बिचारा मान डोलवायचा. यांच्या घरी तीन-चार सुना असाव्यात, अशी त्याची समजूत होती. मी ती कधी मोडली नाही.

टिकल्या जायच्या आमच्या ऑफिसातल्या जगाच्या नकाशावर. लाल टिकली म्हणजे नांदणारा देश, काळी म्हणजे रुसलेला. खुद्द कतारवर त्यांनी कधी टिकली लावली नाही. “आपण घरचे,” ते म्हणत. शिवाय मध्यम टिकलीखाली तो देश सबंध गडप झाला असता, हेही खरंच.

मी नाशिकची वकील. नवऱ्याला गॅस कंपनीत नोकरी लागली म्हणून कतारला आले आणि वर्षभर पोळ्या लाटून कंटाळल्यावर एका कायदा-सल्लागार कंपनीत शिरले. त्या कंपनीनं मला आणि या टिकल्यावाल्या गृहस्थांना एका सरकारी खात्यात बसवलं होतं. खात्याचं काम सांगायला सोपं होतं. भ्रष्टाचाराच्या प्रकरणात आरोपी इथे असतो, साक्षीदार आपल्या देशी परत गेलेला असतो आणि पैसा तिसरीकडेच मुक्कामाला असतो. लाच विमानानं हिंडते, पोलिसाला मात्र सीमेवर थांबावं लागतं. म्हणून एका देशानं दुसऱ्याला विनंती करायची, की बाबा रे, आमच्यासाठी तुझ्याकडच्या अमक्याची साक्ष घे, तमक्याला धरून दे. या विनंत्यांचे इंग्रजी मसुदे आम्ही करायचो. म्हणजे ते करायचे आणि मी त्यांच्या शिव्या खायची.

ते मूळचे चिपळूणचे, उभी हयात सरकारी वकील म्हणून काढलेले. आंतरराष्ट्रीय कायद्यावरची जाडजूड पुस्तकं त्यांनी वाचलेली होती आणि ती सगळी त्यांनी एका वाक्यात बसवली होती: करार म्हणजे सोयरीक. मागणारा देश मुलीकडचा, देणारा मुलाकडचा. मुलीकडच्यानं वाकायचं, मुलाकडच्यानं खोट काढायची. पत्रावर सही कमी हुद्द्याच्या माणसाची असली, की मुलाकडचे फुगले. भाषांतर सोबत नसलं, फुगले. ज्याला आपण गुन्हा म्हणतो तो त्यांच्याकडेही गुन्हा असलाच पाहिजे, नाहीतर मुळात पत्रिकाच जुळत नाही. आणि आज तुम्ही आमचं केलंत तर उद्या आम्ही तुमचं करू, हे तर देणं-घेणं झालंच. मला ते ‘करवली’ म्हणत. “काय करवली, आज कुणाकडचं बोलावणं?” अशी त्यांची सकाळ सुरू व्हायची. खात्याचे प्रमुख एक शांत, सज्जन कतारी गृहस्थ होते, त्यांना ‘यजमान’. आणि सगळ्या देशांच्या अधिकाऱ्यांना सरसकट व्याही आणि विहीणबाई. अर्थात त्यांच्या पाठीमागे आम्ही खुद्द त्यांनाच व्याही म्हणायचो.

परदेशात फोन लावायचा म्हणजे त्यांचा एक सोहळा असे. कोटाची बटणं लावायची, खुर्ची मागे सारायची आणि उभं राहून बोलायचं. “बसून बोललेलं पलीकडे कळतं,” असं त्यांचं म्हणणं. आधी पलीकडच्या कारकुनाच्या मुलाबाळांची, पावसापाण्याची चौकशी. पंधरा मिनिटं गेली, की मग विनंतीचा विषय. माझा जीव खाली-वर व्हायचा, कारण बाकीचे सगळे या कामाला एक ईमेल पाठवून मोकळे होत. पण खरं सांगायचं तर ज्यांना ईमेल जायच्या ते ‘अधिक माहिती पाठवा’ म्हणून वर्षभर गप्प बसत, आणि यांच्या फोनला उत्तर यायचं.

मोठे देश तर छोट्या देशांना दारातच ताटकळत ठेवायचे. त्यात फुटबॉलच्या विश्वचषक स्पर्धेची तयारी चाललेली, रोज सकाळी रस्ता बदललेला, नजर जाईल तिथे क्रेन, आणि जगभरची वर्तमानपत्रं या एवढ्याशा देशाकडे बोट दाखवत असलेली. आमचं पत्र गेलं, की पलीकडचा आधी नाकाला रुमाल लावायचा. व्याही चिडायचे, पण आमच्यावर जास्त. कारण आमच्याहून गरीब देशाचं पत्र आलं, की आमचं खातंही तेच करायचं. “आपण काल ज्याच्या दारात उभे राहिलो, तसाच हा आपल्या दारात उभा आहे हो,” ते यजमानांना इंग्रजीत सांगत. यजमान म्हणत, “इन्शाल्ला, बघू.” आणि फाइल खाली जाई.

मग एका रमझानात शेजारी देशांनी कतारशी संबंध तोडून एकदम दारं लावून घेतली. विमानं बंद, रस्ता बंद, दुकानांतलं दूध संपलं. व्याह्यांनी त्या दिवशी कोरा चहा प्यायला आणि शेजारच्या देशांवर काळ्या टिकल्या लावल्या. “कालपर्यंत एका पंगतीत जेवत होते,” एवढंच म्हणाले. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून गिळलं.

त्यांचा स्वतःचा कडकपणा तर ताप आणणारा होता. दुसऱ्या ऑफिसात गेले तर आपला थर्मास घेऊन जात. मेजवानीला गेलेच तर पाण्याची बाटलीसुद्धा आपली. एकदा एका ठेकेदाराच्या माणसानं लिफ्टचं दार धरून ठेवलं, तर हे जिन्यानं चढले. छोट्या छोट्या देशांतल्या अधिकाऱ्यांचं एक प्रशिक्षण दोह्यातल्या हॉटेलात झालं, त्यात यांचं व्याख्यान होतं. सगळे वक्ते पडद्यावर आकृत्या दाखवत होते. हे उभे राहिले आणि हातातला कप वर धरून म्हणाले, “चहा घेतलात तर पाप नाही. चहा लपवलात तर पाप आहे. म्हणून सांगून टाका. कुणी विचारायच्या आधी सांगा, मोठ्यानं सांगा, सगळ्यांसमोर सांगा.” आणि हे वाक्य त्यांनी त्या सगळ्या मोठ्या माणसांकडून शाळेतल्यासारखं म्हणून घेतलं. पुढच्या रांगेत हिंदी महासागरातल्या एका बेटावरून आलेल्या बाई होत्या, स्थूल, हसतमुख, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

त्या बाईंनी येताना खोबऱ्याच्या वड्यांचा डबा आणला होता. सगळ्यांनी खाल्ल्या. व्याह्यांनी अर्थात तोंड लावलं नाही, पण वासावरून कौतुक केलं. “आमच्या कोकणातल्या विहीणबाई शोभतात,” असं मला मराठीत म्हणाले. जाताना बाई डबा टेबलावर विसरून गेल्या, आणि तो व्याह्यांनी जपून आपल्या खोलीवर नेला.

आता दत्ताबद्दल सांगायला हवं. दत्ता लातूरचा. दोह्याच्या दक्षिणेला मेसईदकडे एका कारखान्याच्या विस्ताराचं काम चाललं होतं, त्यावर ठेकेदार कंपनीचा क्वालिटी इंजिनियर होता. तिशी-पस्तिशीचा, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघणारा. परांची बांधायचे क्लॅम्प एकदा कंटेनर भरून आले. दत्तानं एक हातात घेऊन आपटला तर त्याला चीर गेली. त्या परांचीवर शेकड्यांनी माणसं चढणार होती. त्यानं तक्रार केली, की खरेदी व्यवस्थापक पुरवठादाराकडून कमिशन खातो आणि असला माल आणतो. कंपनीनं क्लॅम्प गुपचूप बदलले आणि उलट दत्तावरच फिर्याद ठोकली, की कमिशन यानंच खाल्लं आणि माल यानंच पास केला. फिर्याद म्हटल्यावर दत्तावर प्रवासबंदी आली. नोकरी गेली, देश सोडता येईना. बायको आणि शाळेत जाणारी मुलगी लातूरला परत गेल्या.

खरं काय झालं ते पाहणारी एकच व्यक्ती होती, त्या गोदामाची स्टोअरकीपर. दत्ता साइटवर असताना खरेदी व्यवस्थापकानं स्वतः येऊन, तिच्या टेबलाशी उभं राहून, तो माल दत्ताच्या नावानं उतरवून घ्यायला लावला होता. पण फिर्याद होताच कंपनीनं तिचा करार संपवून तिला घरी पाठवलं. तिचं घर होतं त्या बेटावर, विहीणबाईंच्या देशात. ती बोलली असती तर दत्ता सुटला असता आणि खरेदी व्यवस्थापक आत गेला असता. ती बोलल्याशिवाय यातलं काहीच होणार नव्हतं.

सरकारी वकिलांनी आमच्या खात्याला सांगितलं, की तिची साक्ष मिळवा. आमचा त्या देशाशी करारबिरार काही नव्हता. व्याही हे ऐकून दुःखी व्हायच्या ऐवजी फुलले. “म्हणजे पहिलीच बोलणी! करवली, पेन काढ.” तो मसुदा त्यांनी इतक्या वेळा लिहिला, की शेवटी मला तो पाठ झाला. मग कोट, बटणं, खुर्ची मागे, फोन. विहीणबाईंनी ओळखलं. त्या हसल्याचं मला टेबलापलीकडे ऐकू आलं.

एकटा पडलेला मराठी माणूस म्हणून व्याह्यांनी दत्ताला घरी बोलावलं होतं, आणि तो दर शुक्रवारी दोह्यातल्या अल गराफा भागात त्यांच्याकडे जेवायला यायचा. एका जुन्या व्हिलाचे तुकडे करून भाड्यानं दिले होते, त्यातली मागची एक खोली त्यांची. मीही कधीमधी भाजी घेऊन जायची. अशाच एका शुक्रवारी खोली बेसनाच्या वासानं भरलेली. व्याही कोट काढून, बनियनवर, कढईपाशी. चिपळूणहून काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, फोनवर ओरडत होत्या, “अहो, लाल होईतो भाजा, घाई नको!” आणि दत्ता वेलची सोलत होता. बेटावरचा कुणी अधिकारी दुसरीकडून घरी परतताना दोह्याच्या विमानतळावर उतरणार होता, त्याच्याबरोबर विहीणबाईंचा डबा परत पाठवायचा होता.

“परत पाठवायचा तर नुसताच पाठवा ना,” मी म्हटलं.

ते माझ्याकडे असे बघायला लागले, की मी काहीतरी अभद्र बोलले. “रिकामा? कुणाचा डबा रिकामा परत करतात का? नाशिकला करता?”

नाशिकलाही नाही करत. माझ्या आईनं शेजारणीची वाटीसुद्धा कधी रिकामी परत केली नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. त्यामुळे मला त्यात वावगं काही दिसलं नाही. जो माणूस दुसऱ्याच्या लिफ्टमध्ये चढत नव्हता, त्यालाही दिसलं नाही. त्यांच्या लेखी भेट वेगळी आणि डबा वेगळा. भेट देणारा काही मागतो, डबा परत करणारा फक्त फेडतो. मी एक लाडू चाखून पाहिला. साखर जरा पुढे होती, पण छान होता.

साक्षीचा दिवस उजाडला. कोर्टाच्या दालनात मोठा पडदा लावला होता. पडद्यावर बेटावरची एक छोटी खोली, गरगर फिरणारा पंखा, मध्ये विहीणबाई आणि त्यांच्या शेजारी ती स्टोअरकीपर, चर्चला जाताना घालायचा पांढरा झगा घालून. इकडे दत्ता इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. व्याही मागच्या रांगेत, आणि अर्थातच उभे. दुभाष्यानं अरबीत सगळं सांगायला सुरुवात केली. स्टोअरकीपरनं आपलं नाव सांगितलं.

तेवढ्यात विहीणबाईंनी हात वर केला. सुरुवात करण्याआधी मला एक गोष्ट जाहीर करायची आहे, असं त्या मोठ्या, स्पष्ट आवाजात म्हणाल्या. ही विनंती आमच्याकडे आल्यानंतर विनंती करणाऱ्या देशाच्या सल्लागारांकडून माझ्या कार्यालयाला मिठाईचा एक डबा मिळाला. ती आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ली. कुणी विचारायच्या आधी सांगावं, हे योग्य, म्हणून सांगते. आणि त्या हसल्या. पडद्यावरून त्या कुणालातरी शोधत होत्या. त्यांना वाटलं असणार, की आपला मास्तर आता खूश होईल.

कंपनीचा वकील किती चपळाईनं उठला ते मी विसरू शकत नाही. साक्ष नोंदवणाऱ्या परदेशी अधिकाऱ्याला साक्षीच्या आधी भेटवस्तू! भ्रष्टाचाराच्या खटल्यात! त्यानं दोन्ही हात पसरून ते अरबीत सांगितलं आणि मग आमच्याकडे वळून, आम्हाला कळावं म्हणून, इंग्रजीतही सांगितलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. साक्ष थांबवली. विनंती नव्यानं, दुसऱ्या अधिकाऱ्यामार्फत करावी असं सांगितलं. पडदा काळा झाला तेव्हा ती स्टोअरकीपर अजून तोंड उघडून बसलेली होती. तिचं फक्त नाव सांगून झालं होतं.

बाहेर व्हरांड्यात दत्ता भिंतीला टेकून उभा राहिला. मी संतापले होते. विहीणबाईंवर, वकिलावर, लाडवांवर, सगळ्यांवरच. “काय गरज होती त्या बाईला?” मी म्हटलं.

“बरोबर केलं तिनं,” व्याही म्हणाले. “अगदी बरोबर केलं. मीच शिकवलंय.” त्यांनी कोटाची बटणं काढायला घेतली आणि एकही बटण त्यांना निघेना. दत्तानं पुढे होऊन ती काढून दिली.

चौकशी यजमानांच्या खोलीत झाली. त्यांनी आधी कॉफी मागवली. व्याह्यांनी नको म्हटलं. डबा का पाठवलात, असं यजमानांनी विचारलं. “डबा त्यांचाच होता,” व्याही म्हणाले, “मी परत केला. रिकामा कसा करणार?” मला वाटलं, आता हे समजावता समजावता दिवस जाईल. पण यजमानांनी मान खाली घातली. “माझी आईसुद्धा शेजाऱ्यांचं ताट रिकामं परत करत नसे,” ते हळू म्हणाले. “कधीच नाही.” मग त्यांनी समोरच्या हुकमावर सही केली, “खलास,” म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. सगळं कळणारा माणूस सही करतो, त्याचा राग जास्त येतो. मला त्यांचा अजून येतो.

व्याह्यांना खात्यातून काढून आमच्या कंपनीच्या मागच्या टेबलावर घरभाड्याचे करार तपासायला बसवलं. आपलं सामान उचलताना त्यांनी नकाशा भिंतीवरच ठेवला. नव्या माणसानं तो उतरवून तिथे स्पर्धेला किती दिवस उरले ते दाखवणारं पोस्टर लावलं. नवी विनंती ईमेलनं गेली. बेटाच्या मंत्रालयाचं दोन ओळींचं उत्तर आलं: आमच्या प्रामाणिक अधिकाऱ्याच्या हेतूबद्दल तुमच्या कोर्टात शंका घेतली गेली, त्याबद्दल आधी खेद व्यक्त व्हावा. खेद कुणी व्यक्त करायचा, यावर आमच्या तीन खात्यांत पत्रव्यवहार सुरू झाला. तो चालू असतानाच ती स्टोअरकीपर एका प्रवासी जहाजावर नोकरीला लागली, आणि मग ती कुठल्या देशाच्या समुद्रात आहे हेच कुणाला सांगता येईना.

खरं तर व्याह्यांना कोकणात परत जायचं होतं. काकू रोज विचारायच्या. पण दत्ताला सोडून जाणं त्यांना जमेना. एकाच खोलीत दोघं राहायला लागले. दत्ताला काम करायची परवानगी नव्हती. तो दिवसभर खोली झाडायचा, पुसायचा, परत झाडायचा. संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल. दोह्याच्या शाळेत शिकलेली पोर, मराठी सगळं कळायचं, पण बोलायची इंग्रजीत. “पप्पा, व्हेन आर यू कमिंग?” हा प्रश्न सुरुवातीला रोज असायचा, मग आठवड्यानं, मग तो बंद झाला. दत्ता मला म्हणाला, “ताई, इचारायचं बंद केलं लेकरानं, तवा लई लागलं बघा.”

नवी स्टेडियमं एकामागून एक उजळायला लागली. खरेदी व्यवस्थापकाला बढती मिळाली होती. दत्ताच्या वडलांनी अंथरूण धरलं, तेव्हा कंपनीच्या वकिलानं निरोप धाडला: गुन्हा कबूल करा, आम्ही शिक्षेचा आग्रह धरणार नाही, तुम्हाला देशाबाहेर काढतील, म्हणजे घरीच जाल. कबुली दिली, की व्यवस्थापकावरची चौकशी आपोआप मिटणार होती, हे सांगायची गरज नव्हती.

व्याह्यांनी आधी तो निरोप फाडून टाकला. त्यानंतर किती दिवस त्यांनी दत्ताशी या विषयावर वाद घातला असेल, देव जाणे. शेवटी एका शुक्रवारी दुपारी दोघं माझ्या घरी आले. व्याह्यांच्या अंगात कोट होता. “करवली, तुझा कॉम्प्युटर दे. कबुलीचा मसुदा करायचाय.”

मी भडकले. “तुम्ही? तुम्ही करणार?”

“दुसऱ्या कुणी केला तर कच्चा राहील. कच्चा राहिला तर नाकारतील. याचा बाप वाट बघतोय,” ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका कोरडा होता, की मी उठून कॉम्प्युटर आणला.

मग जे झालं ते मी आजही हसत सांगू शकत नाही, आणि रडतही नाही. कोर्टाला नुसतं ‘मी लाच घेतली’ चालत नाही. कुठे घेतली, कशी घेतली, कोण काय म्हणालं, सगळं लागतं. दत्तानं आयुष्यात लाच घेतली नव्हती. व्याह्यांनी तर दुसऱ्याचा चहासुद्धा घेतला नव्हता. ही दोन माणसं माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून लाच कशी घेतात ते ठरवत होती.

“पाकीट लिहू की पिशवी?” व्याह्यांनी विचारलं.

“काय की सर. पिक्चरमध्ये तर ब्रीफकेस असती.”

“नको. खोटं वाटेल. पाकीट. आणि कुठे? मॉलच्या पार्किंगमध्ये?”

“मॉलमध्ये कॅमेरे असतात सर.”

“मग गाडीत. तू त्याला ‘शुक्रन’ म्हणालास असं लिहू?”

दत्ता विचार करून म्हणाला, “नाही सर. घेणारा थँक्यू म्हणत नसंल. त्याला वाटत असंल आपला हक्कच हाय.”

व्याह्यांनी मान डोलावली आणि ते लिहिलं. माझा नवरा चहा घेऊन आला, तसाच परत गेला. संध्याकाळपर्यंत एक लाच तयार झाली, खऱ्याहून खरी. तिच्यात कुठे खोट काढायला जागा नव्हती. दत्तानं ती वाचली आणि खाली मान घालून म्हणाला, “सर, हे वाचून मलाच वाटायलंय मी केलं म्हणून.” व्याही उठले आणि बेसिनपाशी जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

कोर्टानं कबुली मान्य केली. दत्ताला देशाबाहेर काढायचा हुकूम झाला. विमानतळाच्या रस्त्यावर तेव्हा देशोदेशीची निशाणं लावायचं काम चाललं होतं. पोलिसाबरोबर आत जाण्याआधी दत्ता व्याह्यांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागे घेतले. “नको,” ते म्हणाले, “आज नको.” दत्ता वाकलेलाच राहिला, मग नुसताच जमिनीला हात लावून उठला. वडील त्याला भेटले. तेवढं एक बरं झालं.

त्यानंतर महिन्याभरात व्याही चिपळूणला गेले. मी पोचवायला गेले होते. कोट त्यांनी हातावर घेतला होता, घातला नव्हता.

स्पर्धा झाली, पाहुणे आले आणि गेले. दत्तानं लातूरमध्ये नोकरी शोधली, ती मिळेना. मग आखातातल्याच दुसऱ्या एका देशात एका कंपनीनं त्याला घेतलं. मुलाखत झाली, वैद्यकीय तपासणी झाली, बायकोनं बॅगसुद्धा भरली. आणि व्हिसा नाकारला गेला. त्या देशानं कतारला विचारलं होतं, की या माणसाबद्दल तुमच्याकडे काही आहे का. कतारनं कळवलं होतं: आहे, लाचखोरीची कबुली, शिक्षा, हद्दपारी. दत्तानं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो रडत नव्हता. “ताई, सरांना सांगू नका,” तेवढंच म्हणाला.

पण मी खात्यातली फाइल काढून पाहिली आणि सांगितलं. त्यांना सांगितलं नसतं तर दुसरं कुणाला सांगणार होते? व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मागे काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता.

“विचारणा लेखी आली होती?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“सहीचा हुद्दा विचारला नाही कुणी? भाषांतर? अधिक माहिती?”

“काही नाही सर.”

“करार आहे आपला त्यांच्याशी?”

“नाही.”

“आणि उत्तर कधी गेलं?”

“त्याच आठवड्यात.”

पलीकडे खुर्ची मागे सरल्याचा आवाज आला.

“म्हणजे करता येतं,” ते म्हणाले.